किनवटचं धान्य

अठ्ठावीस वर्षं दारव्हा तालुक्यातल्या
भिंतींवरचे मीटर वाचले मी,
काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसून.
रीडिंग वाढलं की घरधनी म्हणायचा,
मीटर पळतंय, आम्ही तर एकच बल्ब जाळतो.

ग्रामीण रुग्णालयात बोबडे मॅडमनी
कागद पुढं सरकवला:
उपाशीपोटी एकशे शहाण्णव.
मी म्हणालो, मशीन पळतंय, मॅडम.
त्या हसल्या नाहीत.

भात कमी करा, चहातली साखर बंद, रोज चाला.
पुण्याच्या पुतणीला कळलं तशी तिनं
कुरिअरनं किलोभराचं पाकीट धाडलं,
वर कुठला तरी परदेशी डोंगर:
क्विनोआ.

बेबी तेव्हा गोंदियाला, पोरीच्या बाळंतपणात.
सव्वा महिना गॅस माझ्या गळ्यात.
फोनवर सांगितलं तर म्हणे,
"काय? किनवटचं धान्य?
किनवटले तं माही मावशी राह्यते,
तिनं कधी सांगतलं नाई."

तिनं ते पाहिलं नव्हतं, चाखलं नव्हतं,
तरी शिकवायला बसली.
"राजगिऱ्यावानी हाय का?" जरा मोठं.
"मंग भगरीवानी?" नाही, चपटं, कडेला रेघ.
"आधी धुवा. तीन पाण्यानं."

पहिल्या पाण्याला फेस आला.
दुसऱ्यालाही.
मला वाटलं, गंजाला कपड्याचा साबण लागला असेल.
"फेस? रिठ्यावानी?"
ती थांबली, मागे बाळ रडत होतं.
"मंग थ्यानं पाखरायसाठी लावून ठेवलं असन.
कडू असन, पाहा. फेस जाईस्तोर धुवा."
एक दाणा जिभेवर ठेवला. कडूच.
पाकिटामागं बारीक अक्षरांत हेच छापलं होतं;
चष्मा नंतर सापडला.

एक वाटी दाणे, दोन वाट्या पाणी, मीठ.
"आता फोन गंजापाशी धरा."
धरला.
"अजून पातळ बोलते. थांबा."
मी उभा, हात भाजतोय.
"आता जाड बोलाले लागलं. बारीक करा, झाकण ठेवा."
बऱ्याच वेळानं:
"सरलं पाणी. बंद. पाच मिनिटं
वाकून पाहू नका, तुमाले सवय हाय."

मी वाकून पाहिलं.
प्रत्येक दाण्यानं कडेची रेघ सोडवली होती,
नखाच्या कोरीएवढी पांढरी शेपटी,
आणि दाणा काचेसारखा,
पुसला तर आतला आकडा दिसेल असा.

मोहरी, लसूण, हिरवी मिरची,
तुरीचे ओले सोले, डिसेंबरच होता.
वरून जवसाची चटणी,
कारण त्या डोंगराला जवस माहीत नसणार.

सोले दिलेल्या यमूबाई ढोक्यांना वाटीभर नेऊन दिलं.
त्यांनी एकच घास बराच वेळ चावला.
"हे चाकवताचं बी होय ना जी?
गव्हात येते थे, उपटून फेकतो आमी."
पुतणीला विचारलं. नात्यातच आहे, काका, म्हणाली.
म्हणजे धुऱ्यावर फेकतो त्याचा चुलतभाऊ
चारशे रुपये किलोनं दारात आला होता.

ती सांगत होती: प्रथिनं पुरी,
शरीराला बाहेरूनच घ्यावी लागतात ती नऊच्या नऊ.
लोह, चोथा.
भातासारखी साखर रक्तात धावत नाही,
पायी पायी येते.
मला नवातलं एक नाव आठवत नाही.
चार वाजता पोटात खड्डा पडला नाही
एवढं आठवतं.

महिन्यानं कागद: एकशे बावन्न.
गोळ्यांचं, चालण्याचं, चहाचं, मॅडम म्हणाल्या,
थोडं तुमच्या त्या धान्याचंही.
मी वाद घातला नाही.
रीडिंग घेणाऱ्यानं बिलावर बोलू नये.

बेबी आली, पिशव्या ओट्यावर टाकून
आधी तो डबा उघडला.
तळहातावर चिमूटभर घेऊन
दाराच्या उजेडात गेली.
"एवढासा?" म्हणाली.
"आवाज तं केवढा होता."