पत्त्याचा रकाना

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. ग्रंथालयातल्या बुटक्या खुर्च्यांवर
गुडघे छातीशी घेऊन बसलेत नवे शिक्षक.
मुख्याध्यापक म्हणाले, मार्लिस, तूच बोल,
एकवीस वर्षं ऑफिसच्या खिडकीत तू बसतेस.

मी काही भाषण करणारी नाही.
मी हजेरीची, किल्ल्यांची, हरवलेल्या हातमोज्यांची बाई.
पण हा फॉर्म बघा. तिसऱ्या ओळीत रकाना आहे: पत्ता.
इथे आया अडतात. पेन थांबतं,
मग त्या माझ्याकडे बघतात, जणू मी
आत्ताच काहीतरी ओरडणार आहे.

आणि ओरडले होते मी. एकदा. सांगून टाकते.
फेब्रुवारी होता. डुलूथचं सरोवर पार काठापर्यंत गोठलेलं.
काउंटरपाशी सात-आठ जण, त्यांत डेला, पाचवीतली.
चष्मा कपाळावर सरकवत, हसत हसत म्हटलं,
"काय गं, अजून घरच मिळालं नाही का तुम्हाला?"
चेष्टाच होती हो.
ती अकरा दिवस आली नाही.
अकरा. हजेरी मीच लावते.

आर्विडला दिसली ती. सहा नंबरच्या बसचा ड्रायव्हर,
गालात कायम पेपरमिंटची गोळी.
हायवेलगतच्या मोटेलमागे निळी व्हॅन,
काचांना आतून टॉवेल लावलेले.
त्याने दार ठोठावलं नाही. मला फोन केला,
मी तिच्या आईला. बोलणं चार वाक्यांचं.
सोमवारपासून त्याने फेरीच उलटसुलट केली:
ती सगळ्यांच्या आधी चढायची, सगळ्यांच्या शेवटी उतरायची,
म्हणजे कुठून येते अन् कुठे जाते
हे बघायला बसमध्ये कुणी उरायचंच नाही.
वीस मिनिटं जास्तीची. डिझेलचा हिशेब
वरून कुणीतरी मागितला.
मी लिहिलं: बर्फ.

कायदा आपल्या बाजूचा आहे, भिंतीवर लावलाय, वाचा.
आधी पोर वर्गात, कागद मागाहून.
पण त्यात हे लिहिलेलं नाही
की तक्ता सपाट ठेवायला व्हॅनमध्ये जागा नसते.
की "तुमची खोली काढा" म्हणालात
तर एखादी मुलगी सीटबेल्टची पाच बकलं काढेल,
अगदी नीट, सावलीसकट,
आणि तुम्ही कौतुकाने ते चित्र बोर्डावर लावाल.
दुपारी चित्र गायब. टाचण्या जागच्या जागी.

मागून थाओ, विज्ञानाचा नवा शिक्षक, विचारतो,
"मग आम्ही विचारायचं तरी काय?"
बराच वेळ मला काही सुचत नाही.
उद्या बस कुठे पाठवू?
एवढंच. आणि आवाज
काउंटर ओलांडणार नाही, इतकाच.

डेला परत आली तेव्हा मी माफी मागितली नाही. जमलं नाही.
म्हटलं, सकाळी लवकर आलीस तर
हातमोज्यांच्या जोड्या लावायला कुणीतरी हवंय.
ती सव्वासातला यायची. जिमचा शॉवर शेजारीच होता.
त्याबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.
एकदा तिने दोन डावे हातमोजे गाठ मारून ठेवले.
अगं, दोन्ही डावेच आहेत.
म्हणाली, "ऊब लागतेच की."

हा तिचा फॉर्म. नाव मी झाकलंय,
डेला हेही तिचं खरं नाव नव्हे.
पत्ता मी पेन्सिलीने लिहिते:
मोटेल, मावशी, व्हॅन, चर्चचं तळघर, पुन्हा व्हॅन.
खोडून खोडून तिथला कागद इतका झिजलाय
की उजेडासमोर धरला तर
पलीकडचं झाड दिसतं.

जपून धरा. पुढे द्या.
पेन्सिली माझ्या खणात आहेत, कुणीही घ्या.
कॉफी मागच्या टेबलावर.