नाव बदलून मिळेल

देवगडात मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो.
'तारी बंधू, बर्फ व जाळी.' 'रवळनाथ सायकल मार्ट.'
अक्षराला पोट किती द्यावं, शेपूट कुठे आवरावी
हे भाऊ मेस्त्रींनी शिकवलं,
आणि हेही, की पाटी रंगवणाऱ्याने
दुकानात काय विकतात ते विचारू नये.

इथे फुजैराच्या समोर शंभरेक जहाजं नांगरावर असतात.
रात्री किनाऱ्यावरून बघितलं तर वाटतं,
समुद्रात एक शहर आहे
ज्याला नगरपालिका नाही.

लाँचवाला कुंजुमोन मला अकराला घेऊन जातो.
दोरीच्या पाटावर बसून मी जहाजाच्या पाठीशी लोंबतो,
'पर्ल ऑर्किड'चं 'नूरा-५' करतो.
खाली बंदराचं नाव लिहितो,
अशा देशाचं, ज्याला समुद्रच नाही.
रंग वाळायच्या आत दिवे विझतात,
यंत्रावरचा ठिपका दुसऱ्याच किनाऱ्याजवळ
शहाण्यासारखा गोल गोल फिरत राहतो,
आणि इथे दोन जहाजं कुशीला कूस लावून,
मध्ये रबरी फुगे,
नळी ह्या पोटातून त्या पोटात.
पहाटे तेलाला नवी जन्मभूमी मिळते, दाखल्यासकट.

बंदी आली तेव्हा वाटलं, माझं काम गेलं.
उलट दर वाढला. तीनशे दिरहमचे नऊशे झाले.
एजंटचा वाढला, विमेवाल्याचा वाढला,
डोळे मिटून घेणाऱ्याचा तर सगळ्यात जास्त.
पलीकडच्या किनाऱ्याचा रेझवान सांगतो,
आमच्याकडे पाव महागला,
मिरवणुका मात्र वेळेवर निघतात.

काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही,
हे आम्ही भावाभावांबद्दल म्हणायचो.
इथे काठी मारणारा आणि तेल घेणारा
कधी कधी भाऊसुद्धा नसतात,
एकच माणूस असतो.

आमच्या भाषेत होडीला नाव म्हणतात
आणि नावालाही नाव.
एक पुसलं की दुसरी बुडते की काय,
असं मला पहिल्या वर्षी वाटायचं.
मग सवय झाली.

मार्चात 'नूरा-५'चं परत बोलावणं आलं.
मी लोंबत होतो, वरून आवाज आला,
"काका, मराठी ना तुम्ही? रंगाच्या डब्याला शिवी दिलीत."
सुमेध पालशेतकर. वेळणेश्वरचा. वय तेवीस.
अकरा महिने पगार नाही, पासपोर्ट कप्तानाकडे,
आणि कप्तान महिन्यापूर्वी 'येतो' म्हणून उतरलेला.
तेल केव्हाच विकून झालं होतं.
जहाजावर तांदूळ होता, आणि एसीचं पाणी.
"तक्रार करायला फोन केला.
ते विचारतात जहाजाचं नाव काय.
काका, मी चढलो तेव्हाचं सांगू की आत्ताचं?"

मी ब्रश धरून गप्प.
चढला तेव्हाच्या नावाचं जहाज
कागदावर भंगारात तुटलंय.
आत्ताच्या नावाचं
कागदावर भलत्याच समुद्रात चाललंय.
आणि उद्याचं नाव माझ्या खिशात,
एजंटने चिठ्ठीवर लिहून दिलेलं, त्यातही एक अक्षर चुकलेलं.

रंगाखाली सात आकडे असतात,
जहाजाच्या जन्माचे, पोलादावर वितळवून उठवलेले.
त्यांच्यावर लांबी मीच भरली होती, दोनदा.
मी नखाने खरवडलं. मग पत्र्याने.
बोटांनी वाचलं, आंधळ्यासारखं.
वर चढून त्याच्या तळहातावर लिहिले,
सवयीने मराठी आकडे.
तो हसला.
टर्पेंटाइनने पुसून परत लिहिले.

लाँचमध्ये कुंजुमोनने विचारलं, नवीन नाव काय?
म्हटलं, आज वारा होता, रंग धरला नाही.
नऊशे परत द्यावे लागले.

दुसऱ्या आठवड्यात गेलो तर तिथे नुसतं पाणी.
फोन लागला का त्याचा, माहीत नाही.
कोणाला विचारणार,
काय नाव सांगून?