पाणमांजराची पेटी

जुर्जूत तेव्हा वीज पाहुण्यासारखी यायची,
कोट न काढता टेकायची, की निघाली.
आमचा टीव्ही दिवसाला दोन तास,
त्यातही बरंचसं भाषण.
म्हणून वडिलांनी सायकलच्या चाकाची अँटेना केली,
छपरावर चढून तिचं तोंड
डॅन्यूबच्या पलीकडे वळवलं.

पलीकडे बल्गेरिया.
पलीकडे आठला दहा कमी असताना
मुलांसाठी कार्टून.

एक पाणमांजर. डोक्यावर टोपी, हातात पेटी.
पडद्यावर एवढ्या मुंग्या, की ते कायम
बर्फातून चालल्यासारखं दिसे.
कोस्तेल पाच वर्षांचा, मी आठ,
दोघांनाही ती भाषा ओ की ठो कळत नव्हती.
वडील खुर्ची पुढे ओढत, हातमोजे चोळत म्हणत,
हां, आता ते म्हणतंय,

की या पेटीत नदी आहे.
चादरीसारखी घडी घालून ठेवलेली.
भावकीनं ती विकायला काढली होती,
म्हणून मी घेऊन पळालोय.
मासे मागे लागत, उघड ना, एकदाच उघड.
ते म्हणे, इथे नको. इथे जागा कमी आहे.

एका मंगळवारी ऐन पुलावर वीज गेली.
पाणमांजर अंधारात अर्ध्या तासानं पलीकडे पोचलं,
वडिलांचा घसा बसेपर्यंत.

शेवटी ते टोपी काढून वाके,
रोज तेच एक वाक्य बोले,
आणि वडील रोज तोच अर्थ सांगत:
उद्या वीज असली, तर भेटू.

आता पूल ओलांडून कुणीही जातं.
मी रूसेला टोमॅटो आणायला जाते.
तिथे जुन्या बाजारात, कुलपांच्या ढिगाशेजारी
एक डिस्क मिळाली. टोपीवरून ओळखलं.
सव्वीस भाग. रंगीत. खाली इंग्रजी अक्षरं.

पेटीत साबण आहे.
साबण, ब्रश, कंगवा आणि नखं कापायची कात्री.
मुलांनो, कानामागे धुतलंत का?
मुलांनो, जेवणाआधी काय करायचं?
सव्वीसच्या सव्वीस भाग हेच.

मी सारागोसाला फोन लावला.
कोस्तेल तिथे फरशा बसवतो.
बराच वेळ नुसता ग्राइंडरचा आवाज.
मग म्हणाला, आणि मासे?
मासे जंतू आहेत, मी म्हटलं.
त्यानं फोन ठेवला. रात्री परत केला,
मासे कसे काय जंतू, म्हणून भांडला.

रविवारी वडिलांना दाखवलं.
त्र्याऐंशी पूर्ण, चष्मा कुठेतरी बुडाखाली.
मी अक्षरं आपल्या भाषेत वाचत होते,
थोडी मजा म्हणून, थोडा सूड म्हणूनही.
"शेळीनं दाढी साबणानं धुतली..."
"बोकडानं," वडील म्हणाले.
पडद्यावरून नजर न काढता.

मी डिस्क थांबवली.
पाणमांजर एक पाय उचलून तसंच राहिलं.

"माझी आई पलीकडची," ते म्हणाले.
"दार लावलं की बोलायची. उघडलं की गप्प."

म्हणजे कळत होतं.
प्रत्येक शब्द, प्रत्येक संध्याकाळी,
कानामागचं, नखांचं, सगळं ऐकून घेऊन
वर हा माणूस नदीची घडी घालत बसला होता.

"मग खरं का नाही सांगितलंत?"

"साबण कुठे होता तेव्हा?"
असं म्हणून त्यांनी चष्मा शोधायला घेतला,
जणू प्रश्न त्याच्याच काचेवरचा डाग होता.
"लाव पुढे. तो पुलाचा भाग येऊ दे."
पुलाचा भाग त्या डिस्कवर नाहीच.
मी सांगितलं नाही. लावली.

टोपी निघाली. पाणमांजर वाकलं.
खाली अक्षरं आली: दात घासा, झोपा.
ती मी वाचली नाही.
वडील उठले, कवळी काढून पेल्यात सोडली,
दिव्याच्या बटणाशी थांबून काहीतरी म्हणाले.
दात नसताना त्यांचं बोलणं नीट कळत नाही.
बहुतेक विजेबद्दल होतं.