दोन बोटं माया

आवृत्ती चार मी मध्यरात्री सोडली
आणि सकाळी विल्यांदीहून सालमेबाईंचा फोन:
"माझा लाल कुठे गेला?"
नमस्कार नाही, नाव नाही.

कोणता लाल?
"घागऱ्याच्या काठाचा. साइटच्या वरच्या पट्टीला होता.
उकूने लावला होता, सैन्यात जायच्या आदल्या दिवशी.
आता सगळं निळं आहे. कचेरीसारखं."

निळा माझा होता.
तीन आठवडे खपून निवडलेला.

तार्तूहून बसने सव्वा तास.
एप्रिल, तरी तळ्याकाठी बर्फाची मळकी किनार.
दुकान तळघरात, दोन शिलाई मशिनं, त्यातलं एक पायाचं.
मॉनिटरवर डकवलेली चिठ्ठी, नातवाच्या अक्षरात:
*आजी, 'मांडणी'त जाऊ नकोस.*
माझ्या दीडशे पानी माहितीपुस्तिकेत
इतकं नेमकं एकही वाक्य नव्हतं.

तुम्ही करा, मी म्हटलं, मी नुसता बसतो.
त्यांनी चष्मा बदलला.
सदुसष्ट रकाने.
प्राथमिक रंग, दुय्यम रंग, दुय्यमाची छटा,
माउस नुसता फिरकला की येणारा रंग,
येऊन गेलेल्या दुव्याचा रंग.
मी ते स्वातंत्र्य म्हणून दिले होते,
चालणाऱ्याला पावलागणिक विचारावं
आता कोणता पाय, तसे.

त्यांचा हात माउसवर,
परक्या घरातल्या कपाटाच्या कडीवर असावा तसा.
"हे दाबलं तर काय मोडेल?"
काही नाही.
त्यांनी दाबलं.
तळाची पट्टी गेली. पत्ता, वेळ, फोन नंबर.
आम्ही दोघं बघत राहिलो
जिथे आत्ता आत्ता एक दुकान होतं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्यांनी खुंटीवरचा एक घागरा काढला आणि उलटा केला.
"हा इंगेलचा. अकरा वर्षांची आहे. शिवण बघ."
आत दुमडलेलं दोन बोटं कापड,
बाहेरून कुणाला दिसणार नाही असं.
"पुढच्या वर्षी उसवीन. कंबर वाढेल,
काठ जिथल्या तिथे.
तुझ्या कामात माया नाही रे.
अंगाला अगदी बेतलेलं, आणि वाढलं की फाटतं."

बारा वर्षं मी स्वच्छ शिवणी घालत आलो होतो,
एक धागा जास्तीचा नाही,
आणि त्याचंच कौतुक झालं होतं.

परत आलो आणि कात्री घेतली.
आम्ही चौदा जण, सात देशांत,
बिनपगारी, रात्री जागणारे,
आणि प्रत्येक रकान्याला एकेक आई निघाली.
नोवी सादचा दुशान दोन महिने बोलला नाही;
सावलीची खोली त्याची होती.
सदुसष्टाचे नऊ झाले.
नववा अजूनही मला पटत नाही.

मग ते दुसरं काम, जे दिसत नाही:
मालकाने केलेला बदल वेगळ्या घडीत ठेवायचा,
आमच्या हाताबाहेर.
नवी आवृत्ती येईल, बाह्या बदलेल, अस्तर बदलेल,
त्या घडीला शिवणार नाही.
आणि एक बटण, 'होतं तसं',
जे खरोखर होतं तसं करतं.
तेवढ्याला पाच महिने लागले.

ऑक्टोबरात चार-एक सोडली.
झोपलो नाही. फोन उशाशी.
सकाळ गेली. दुपार झाली.
फोन न येणं दोन प्रकारचं असतं,
म्हणून शेवटी मीच तिची साइट उघडली.

लाल होता.
पण उकूचा नव्हता, थोडा गडद,
बीटाच्या रसात काळोख मिसळावा तसा;
कुणीतरी बसून, चष्मा बदलून, निवडलेला.
आणि तळाच्या पट्टीत, वेळेखाली,
मी कधीच न बनवलेली एक ओळ:
*मंगळवारी बंद. नातू घरी येतोय.*