जबानी

मी, सुलक्षा रामा च्यारी, वय छप्पन्न,
साखळीच्या वाचनालयात साहाय्यक,
शुद्धीवर असताना लिहून देते की
तारखेचा शिक्का मी खोटा मारला.
एकदा नाही. नऊ वर्षं.

परिपत्रक आलं होतं:
दहा वर्षांत जे पुस्तक कुणी नेलं नाही
ते रद्दीत काढावं.
रद्दीवाला डिचोलीहून टेम्पो घेऊन येतो,
किलोला चौदा रुपये देतो.
सगुण फटू मळीक यांच्या सतरा रहस्यकथा
मी त्याच्या काट्यावर ठेवून पाहिल्या.
दोन किलो सातशे.

मळीक स्वतः खाणीवर वजनकाट्याचे कारकून.
दिवसभर ट्रक मोजायचे,
रिकामा किती, भरलेला किती,
आणि रात्री त्याच पावत्यांच्या पाठीवर
माणसं मारायचे.

त्यांचा गुप्तहेर कोट घालत नाही.
बाबल नाव, फेरीबोटीवर दोर टाकतो.
अलीकडून कोण ओला चढला,
पलीकडे कोण कोरडा उतरला,
एवढ्यावरून खून उलगडतो.
मुखपृष्ठावर पिस्तूलवाली बाई असते.
आत पिस्तूल नाही, तशी बाईही नाही.
एक कोयता, मुंडकाराच्या घराचा एक कागद,
काजूच्या भट्टीवर रात्रभर जागलेला भाऊ.
भाटकाराचा मुडदा मिठागरात सापडतो
आणि पंचनाम्याला आलेला फौजदार
आधी मिठाचा भाव विचारतो.

हे वाङ्मय नव्हे,
असं फोंड्याच्या एका संमेलनात कुणी म्हणालं, शाल सावरत.
मळीक तिसऱ्या रांगेत होते.
जेवणाचं कूपन परत देऊन उपाशी घरी आले.
हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं
माटोळीला सुपारीचा घड बांधता बांधता,
तेही मी नीट गाठ मारते की नाही बघत.

तर शिक्के.
ड्रॉवरमध्ये मेलेल्यांची कार्डं होती.
वर्गणी भरलेली असली
तर मेलेला माणूसही सभासदच राहतो.
वाळपई गाडीचे कंडक्टर भिवा गावस,
इस्पितळातली नर्स इस्मेनिया,
हिने सतराही पुस्तकं जिवंतपणी दोनदा वाचली होती,
तिला मी तिसऱ्यांदा दिली.
कुणाचं नुकसान झालं असेल तर सांगा.

सगळंच खोटं नव्हतं.
शनिवारी सहा खुर्च्या मांडायचो.
पाच भरायच्या.
मिंगेल पदेर देवनागरी वाचत नाही, ऐकतो.
चाळिसाव्या पानाला मान हलवून म्हणतो, दोतोर.
खुनी दोतोरच.
सतरांत एकदा बरोबर निघाला,
त्या रात्री सगळ्यांना उंडे फुकट.

एका पुस्तकात बाराव्या पानावर
कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलंय.
ते चुकीचं आहे.
मी खोडलेलं नाही.

मागच्या महिन्यात पणजीहून तपासनीस आले.
तरुण, घामाघूम, बॅग मांडीवर.
वहीत बोट फिरवत थांबले:
हे गावस दोन हजार नऊला वारले ना?
माझ्या आईचे मामा ते.
पंखा फिरत होता. मी काही बोलले नाही.
त्यांनी मार्चमध्ये काय नेलं म्हणता,
बघू ते पुस्तक.

उभ्यानेच उघडलं.
मग बसले.
मी चहा सांगितला, तो निवला, त्यावर साय धरली.
साडेपाचला कुलूप घेऊन उभी राहिले तेव्हा
वर न बघता म्हणाले,
बाई, फेरीतली ती छत्री कुणाची?

सभासदांनाच सांगतो, मी म्हटलं.
फॉर्मचे दहा रुपये.

भरले. सही केली.
त्या पानावरची तारीख खरी आहे, हवं तर तपासा.
पुस्तक अजून परत आलेलं नाही.
सव्वीस दिवस झाले.
दिवसाला पंचवीस पैसे दंड लागतो,
लागू दे.

वरील मजकूर वाचून पाहिला,
बरोबर आहे.