मधली जागा

खाप्याच्या घरात माग दोन होते
आणि निजायला सतरंजी एक.
हिरामणदादा भिंतीकडे, देवचंद दाराकडे,
मधात मी.

रात्री दोघं माझ्या अंगावरून बोलत:
कन्हानचं पाणी कुठवर चढलं,
सावनेरच्या टॉकीजला काय लागलं,
कोणाची सायकल कोणी गहाण टाकली.
मी झोपेचं सोंग घेऊन पडलेली.
शब्द धोट्यासारखे जायचे
इकडून तिकडे, तिकडून इकडे.

भरतीला गेले ते एकाच सायकलवर, नागपूरपर्यंत.
वजन भरावं म्हणून देवचंदनं रस्ताभर केळी खाल्ली.
दादानं सालं मोजली. अकरा.
माय म्हणाली होती,
"काहून जाता बाप्पा दोघंही?
एक तरी राहा न मागावर."
"हा राहीन," दोघंही म्हणाले,
दोघांचंही बोट दुसऱ्याकडे.

एकाहत्तरच्या पोळ्याला दादा सुट्टीवर आला.
दुसऱ्या दिवशी गल्लीतून पोट्टे ओरडत गेले,
खोकला घेऊन जा गे मारबत,
महागाई घेऊन जा गे मारबत!
लढाईचं नाव कोणी घेतलं नाही.
ती फार लांब असते, असं वाटायचं.
दादानं मागावर लुगडं चढवलं,
चार हात विणलं,
उरलेलं पुढच्या सुट्टीत, म्हणाला.

डिसेंबरात पहिली तार आली. दादाची.
पोस्टमन मुनीरभाई दारात उभे,
त्यांचा हात हँडलवरून निघेचना.

दुसरी तार चौथ्याच दिवशी आली होती.
हे आम्हाला कळलं तेरावा झाल्यावर.
नऊ दिवस ती त्यांच्या खाकी पिशवीत होती,
आमच्या दारावरून रोज गेली, रोज परतली.
ते रोज थांबून विचारत, "माय जेवली का?"
मी म्हणायची, "दोन घास."
"मग उद्या," ते म्हणत.
मला वाटायचं, जेवणाचंच म्हणतात.

त्यांच्यावर चौकशी बसली.
माय जन्मात पहिल्यांदा पोस्टाची पायरी चढली.
साहेबाला म्हणाली,
"माह्या लहान्या पोराले
नऊ दिवस जास्त जगवलं यानं.
त्याची काय सजा देता, सांगा."
साहेबानं चष्मा पुसला.
पुढं काय झालं, मला ठाऊक नाही.
मुनीरभाई मात्र रिटायर होईपर्यंत
आमच्या गल्लीत घंटी वाजवत नसत.

दादाचं लुगडं बाबांनी पुरं केलं.
दादाचा ठोका घट्ट, बाबांचा सैल.
गिऱ्हाईक म्हणालं, इथून वीण बदलली,
दोन रुपये कमी घ्या.
बाबांनी लुगडं त्याच्या हातातून काढून घेतलं,
घडी केली,
माझ्या मांडीवर ठेवलं.
मी ते कधी नेसले नाही.
अंधारात बोट फिरवलं तरी ती जागा सापडते,
चार हातांवर.

आता मी पाचपावलीत राहते, सुनेच्या हाताखाली.
वर्षातून एकदा सावनेरची बस धरते,
तिथून खाप्याला.
शाळेजवळ एक दगड बसवलाय,
नावं अक्षरवारीनं कोरलेली.
देवचंद वर, हिरामण खाली,
मधात कोणी बाबूलाल.

मी विचारलं खूप ठिकाणी,
ह्या बाबूलालचं कोणी आहे का गावात?
एक म्हातारा म्हणाला, त्याची माय होती, गेली.
पूर्वी मी दोन हार न्यायची.
आता तीन नेते.
फुलवाला म्हणतो, "एक वाढला का, बाई?"
मी हो म्हणते. काय सांगू त्याला?

बस उशिरा असली की
दगडाशेजारी बसून राहते थोडी.
रात्री हे दोघं त्याच्या अंगावरून बोलत असतील,
कन्हानचं, टॉकीजचं, सायकलीचं.
त्या बिचाऱ्याला झोपेचं सोंग
जमतं की नाही, कोण जाणे.