साडेचार

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
मी गमचा आंबटपणा मोजते.
आम्ही गम म्हणतो, बिलावर ॲडहेसिव्ह;
पांढरं, सायीच्या दुधासारखं,
पाण्यात लोंबकळणारं पॉलिमर,
कुठल्याच झाडाची ओळख नसलेलं.

सोमवारी कुंद्याचे दोनशे खोके परत आले.
एका बाजूला नाव कन्नडात, दुसऱ्या बाजूला मराठीत,
आणि मधली शिवण
दोघांनाही न विचारता सुटलेली.
मस्करेन्हस साहेब म्हणाले, कागद खराब.
कागदवाला म्हणाला, हवा दमट.
हवेला कोण फोन लावणार!

गंगव्वानं ड्रमचं झाकण सरकवलं
आणि मी पट्टी काढायच्या आधीच नाक मुरडलं,
"हुळि बंदैति, बाई."
आंबट नव्हे गं, मी म्हटलं, व्हिनेगर.
ती म्हणाली, तेच की.

साडेचार हवं होतं.
पट्टी तीनवर थांबली, चिंचेच्या कोळाला लाज वाटावी अशी.
एप्रिलभर पत्र्याखाली तापलेला ड्रम.
उन्हानं लांब साखळीच्या कडेचे तुकडे सोडवले,
सुटलेला तुकडा आम्ल झाला
आणि मागे राहिलेल्यांना सोडवायला लागला.
दिसायला काही फरक नाही.
बोटाला चिकटतो, पुठ्ठ्यालाही धरतो,
दोन दिवस, तीन दिवस,
टेम्पो गोकाकच्या उतरणीला लागेपर्यंत.

अमोनिया थेंबानं घालायचा.
मागच्या वर्षी नव्या पोरानं, चिकोडीच्या इरगौडानं,
तांब्याभर ओतला एकदम:
ड्रमात दही विरजलं, कवडीचं.
दोन दिवस खोरं घेऊन आत उतरून खरवडत होता,
डोळ्यांतून पाणी, आणि सगळ्यांना सांगत होता वासानं येतंय.

तीन चार. तीन नऊ.
गंगव्वा वल्हं फिरवते, माझ्याकडे बघत नाही.
तिची घाई न करण्याची पद्धत
कुठल्या पुस्तकात मिळाली नाही मला.
चार दोन. इथं हात आखडता घ्यायचा.
चार पाच.
"साकु," ती म्हणते. पुरे.

पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या जोडून मी वजन टांगते,
आणि वाट बघताना हटकून बाबा आठवतात.
शहापुरात वह्या बांधायचे.
गव्हाच्या खळीत मुठीनं तुरटी टाकायचे,
बुरशी धरू नये, कसर लागू नये.
तुरटी म्हणजे निवळ, स्वच्छ;
दाढी कापली तर गालालाही तीच.
त्यांनी बांधलेलं एकही पुस्तक किड्यानं खाल्लं नाही.

खानापूरकडच्या एका शाळेचं हजेरीबुक
पुन्हा बांधायला आलं होतं, न्यायला कुणी आलं नाही.
शिवण अजून पक्की आहे.
कागद मात्र पाठीकडून तपकिरी होत आलाय,
बिडीच्या पानासारखा,
आणि उघडलं की नावं कडेकडेनं झडतात:
यल्लूबाई, गुंडू, सातेरी,
सातेरीच्या पुढे अर्धा काना.

एकदा कारखान्यातली पट्टी ओली करून
त्या पानावर ठेवली.
जो रंग आला तो बाबांना सांगायला
ते नव्हते, आणि असते तरी.

परवा चुन्याची निवळी केली,
एक पान बुडवलं, दोरीवर वाळत घातलं.
मोडलेलं काही जुळत नाही त्यानं.
पुढचं मोडणं मंदावतं, एवढंच.
शाई जराशी पसरली; गुंडू आता थोडा जाड दिसतो.

शेडमध्ये वजन लोंबतंय.
पुठ्ठा फाटला, तर जोड चांगला.
जोड उकलला, तर पुन्हा ड्रम.
गंगव्वा चहा घेऊन आली,
दूध फाटलंय म्हणाली, तसाच पी.